३२० फुटांपलीकडचे नुकसान

अमेरिकेतल्या सर्वांत वेगवान ड्रॅग गाड्या २००८ च्या जुलैपासून पाव मैल धावत नाहीत. त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ या खेळाचे माप एकच होते : १३२० फूट, म्हणजे ४०२ मीटर. त्या वर्षी २१ जूनला न्यू जर्सीतल्या एंग्लिशटाउनच्या पट्टीवर पात्रता फेरी सुरू असताना, दोन वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या स्कॉट कॅलिटाच्या फनी कारचे इंजिन धावेच्या शेवटी फुटले. पॅराशूटना गाडीचा वेग आवरता आला नाही, पुढचा वाळूचा टप्पा तिला थांबवू शकला नाही आणि कॅलिटाचा जीव गेला. पंधरवड्याच्या आत एनएचआरए या खेळाच्या मुख्य संघटनेने टॉप फ्युएल आणि फनी कार या दोन वर्गांची शर्यत १००० फुटांवर आणली. तात्पुरता म्हणून केलेला तो बदल आजही कायम आहे. जुने शौकीन एकत्र आले की त्यांच्या तक्रारीची सुरुवात या कापलेल्या ३२० फुटांपासून होते आणि बहुतेक वेळा तिथेच तिचा शेवटही होतो. त्यांची हळहळ खरी आहे. पण ती चुकीच्या जागी खर्च होते आहे, असे माझे ठाम मत आहे. ड्रॅग रेसिंगने गमावलेली सर्वांत मोलाची गोष्ट त्या ३२० फुटांत नव्हती. ती पट्टीच्या फाटकावर होती, जिथून कोणीही आपली गाडी आणि आपली कल्पना घेऊन आत जाऊ शकत होता.

खेळ समजायला सोपा आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, मधल्या खांबावरचा हिरवा दिवा लागतो आणि जी आधी टोक गाठेल ती जिंकते. वळण नाही, फेऱ्या नाहीत, चूक सुधारायला सवड नाही. दिव्यांच्या त्या खांबाला तिकडे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. तो १९६३ मध्ये आला, त्याआधी झेंडा घेतलेला माणूस दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून इशारा देत असे. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाड्याची बारी पाहिलेल्या माणसाला या खेळाची नाडी लगेच सापडेल. काही सेकंदांच्या धावेसाठी वर्षभराची मेहनत, आणि निकाल घड्याळाच्या हातात. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या फोर्ड गाड्यांचे सांगाडे सोलून, त्यांत मोठी इंजिने बसवून कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवत. हीच मुले रात्री गावातल्या रस्त्यांवरही शर्यती लावत. त्यात माणसे मरत आणि वर्तमानपत्रे या मुलांना गुंड ठरवत.

यावर निघालेला तोडगा पुढच्या सगळ्या मुद्द्याचा पाया आहे. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या एका पट्टीवर सी. जे. हार्ट याने पन्नास सेंट प्रवेशशुल्क घेऊन दर रविवारी शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी एनएचआरए स्थापन केली. तिची पहिली अधिकृत स्पर्धा एप्रिल १९५३ मध्ये पोमोना इथल्या जत्रेच्या मैदानाच्या गाडीतळावर झाली, आणि तिच्या पाठीशी पोमोनाचे पोलीस उभे होते. १९५४ मध्ये तर त्याच पोलीस दलातला सार्जंट बड कून्स तीन सहकाऱ्यांना घेऊन, गाडीमागे एक ट्रेलर जोडून देशभर फिरला. गावोगावी जाऊन त्यांनी मोकळी धावपट्टी कशी मिळवावी, वेळ कशी मोजावी, गाडीची सुरक्षा तपासणी कशी करावी हे शिकवले. ‘ड्रॅग सफारी’ या नावाने ती फेरी ओळखली जाते. एका पोलिसाने मुलांना रस्त्यावरून हाकलून देण्याऐवजी त्यांना पळायला जागा शोधून द्यावी, ही या खेळाच्या जन्मातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. रस्त्यावरच्या मुलांना रस्त्याबाहेर सुरक्षित जागा, हाच या खेळाचा मूळ करार होता.

आता त्या ३२० फुटांकडे येऊ. डॉन गार्लिट्सने १९६४ मध्ये अधिकृत मोजणीत ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. १९९२ मध्ये गेन्सव्हिल इथे केनी बर्नस्टाइनने ३०० मैल पार केले. ताशी ४८० किलोमीटरहून जास्त वेग, तोही जागच्या जागी उभ्या गाडीने पाव मैलात गाठलेला. २००६ च्या नोव्हेंबरात पोमोनालाच टोनी शूमाकरने ४.४२८ सेकंदांत पाव मैल संपवला आणि त्या एका धावेवर विजेतेपद खेचून आणले. वेग असा वाढत होता, पण पट्टीनंतर गाडी थांबवण्याची जागा तेवढीच राहत होती. अनेक पट्ट्या जेव्हा बांधल्या गेल्या तेव्हा तिथल्या गाड्या याच्या निम्म्या वेगाने पळत. पुढे कुठे रस्ता, कुठे कुंपण, कुठे दुसऱ्याची जमीन. धावेचे अंतर कमी केले की थांबायला ३२० फूट जास्त मिळतात, हे साधे गणित होते आणि ते बरोबर होते.

यावर शौकिनांचा एक आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतात, अंतर का कापता, गाड्यांची ताकद कापा. हा उपाय करून झाला आहे. या गाड्यांचे इंधन म्हणजे नायट्रोमिथेन. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, तर नायट्रोमिथेनला पावणेदोन किलोच्या आतबाहेर पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणून तेवढ्याच इंजिनात कितीतरी पट जास्त इंधन कोंबता येते. ८.२ लिटरचे इंजिन अकरा-बारा हजार अश्वशक्ती देते ते या बळावर. २००४ मध्ये टॉप फ्युएलचा चालक डॅरेल रसेल याचा अपघाती मृत्यू झाला, त्या वर्षी इंधनातले नायट्रोचे प्रमाण ८५ टक्क्यांवर आणले गेले. आणि पुढच्याच वर्षी, त्या पातळ केलेल्या इंधनावर, शूमाकरने पाव मैलाच्या टोकाला ताशी ३३७.५८ मैलांचा वेग नोंदवला. एक दार बंद केले की हुशार मेकॅनिक दुसरे शोधतो. अंतरात मात्र अशी पळवाट नसते. शिवाय आज १००० फुटांवरही गाड्या ३४० मैलांच्या आसपास पोहोचतात. हे वेग आणखी ३२० फूट रेटत न्यावेत आणि मग एखाद्या चालकाच्या पॅराशूटवर भरवसा ठेवावा, असे म्हणणाऱ्याने एंग्लिशटाउनची ती दुपार एकदा नीट आठवावी.

मग शौकिनांचे काहीच गेले नाही का? खूप गेले. ८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स पट्टीवर गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग तुटून गेला. तेव्हा टॉप फ्युएलच्या लांबोडक्या गाड्यांत चालक इंजिनाच्या मागे बसे. इंजिन, क्लच, गिअर, फुटणारे सगळे काही त्याच्या पुढ्यात आणि पायांमध्ये. इंजिन मागे ठेवून चालकाला पुढे बसवण्याचे प्रयत्न आधीही झाले होते, पण तशा गाड्या सरळ पळत नसत. गार्लिट्सने दुखणे सोसत फ्लोरिडातल्या आपल्या गॅरेजात तशी गाडी बांधली, सुकाणूची खोड काढली आणि १९७१ च्या हंगामाची पहिली मोठी स्पर्धा, पोमोनाची विंटरनॅशनल्स, जिंकून दाखवली. थोड्याच वर्षांत इंजिन पुढे असलेल्या गाड्या या वर्गातून नाहीशा झाल्या. एका जखमी माणसाने आपल्या गॅरेजात एका हिवाळ्यात अख्ख्या खेळाचा आकार बदलला, आणि तो बदल सुरक्षेचाही होता. सुरक्षा आणि कल्पकता एकमेकींच्या वैरी असतात, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

त्या काळात असे किती तरी घडत होते. १९६५ च्या सुमारास काहींनी पकड वाढावी म्हणून गाड्यांची चाके पुढे सरकवली, गाड्या विचित्र दिसू लागल्या, आणि ‘फनी कार’ हे नाव त्या विचित्रपणातून आले. १९७० मध्ये प्रो स्टॉक हा वर्ग सुरू झाला. प्रेक्षकाच्या घरासमोर उभी असते तशी दिसणारी गाडी पट्टीवर पळायची, आणि शेवरोले, फोर्ड, डॉज, प्लिमथ असे कारखाने एकमेकांना भिडायचे. बिल जेन्किन्सची शेवरोले जिंकली की सोमवारी कारखान्याच्या फाटकावर कामगार त्यावर वाद घालायचे. आज प्रो स्टॉकच्या रांगेत बहुतेक गाड्या शेवरोले कॅमॅरो असतात, आणि इंजिने मोजक्या दोन-तीन ठिकाणी तयार होऊन संघांकडे भाड्याने जातात. टॉप फ्युएलमध्ये इंजिनाचा आकार, मागच्या गिअरचे प्रमाण, इंधनाची टक्केवारी, सगळे नियमांनी ठरलेले आहे. दोन गाड्यांमधला फरक आता प्रायोजकाच्या रंगात दिसतो आणि संगणकाच्या आलेखात. आलेख वाचणारे तज्ज्ञ अत्यंत कुशल आहेत, त्यांच्या कामाविषयी मला आदर आहे. पण कठड्यापाशी उभ्या प्रेक्षकाला ते कौशल्य दिसत नाही. गार्लिट्सची गाडी मात्र लहान मुलालाही वेगळी दिसली होती.

नियम आवळले नाहीत तर खर्च हाताबाहेर जाईल आणि छोटे संघ मरतील, हा संघटनेचा युक्तिवाद आहे. मला तो अर्धाच पटतो. नियम आवळूनही छोटे संघ मेलेच. कित्येक स्पर्धांत प्रो स्टॉकला सोळा गाड्यांची रांग भरणेसुद्धा जड गेले. शिवाय नियम पूर्वीही होतेच. १९५७ पासून १९६३ पर्यंत एनएचआरएने नायट्रोवर सरळ बंदी घातली होती. तरी खेळ आटला नाही, कारण एनएचआरएचे फाटक बंद झाले तेव्हा शेजारचे उघडे होते. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळ नायट्रोच्या गाड्यांची मार्च मीट भरली, गार्लिट्स त्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाहून आला, आणि लोकांनी तुडुंब गर्दी केली. अखेर संघटनेलाच बंदी मागे घ्यावी लागली. पट्ट्या पुष्कळ होत्या म्हणून कल्पनांना आसरा होता. एकाने नाही म्हटले तर दुसरा हो म्हणायचा.

खरे नुकसान इथे आहे, आणि ते जमिनीत मोजावे लागते. १९५५ मध्ये सुरू झालेली लायन्स पट्टी १९७२ च्या डिसेंबरात बंद झाली. जमीन बंदराची होती आणि शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारी वाढल्या होत्या. अर्विनडेल १९७७ मध्ये गेली, ऑरेंज काउंटी इंटरनॅशनल रेसवे १९८३ मध्ये. ज्या दक्षिण कॅलिफोर्नियात हा खेळ जन्मला, तिथे एका पिढीच्या आत पट्ट्यांची माळ तुटली. मग हीच लाट इतरत्र पोहोचली. एंग्लिशटाउनने २०१८ मध्ये ड्रॅग रेसिंग थांबवले. डेन्व्हरजवळची बँडिमिअर पट्टी १९५८ पासून एकाच कुटुंबाने चालवली होती, ती २०२३ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी ह्यूस्टनची आणि न्यू जर्सीतली ॲटकोची पट्टीही गेली. राष्ट्रीय स्पर्धा दुसऱ्या शहरात हलवता येते. आठवड्यातली एक संध्याकाळ मात्र हलवता येत नाही, ज्या संध्याकाळी गॅरेजमधला पोरगा कामावरून सुटल्यावर घरचीच गाडी घेऊन, थोडे पैसे भरून, पट्टीवर आपली वेळ मोजून घेतो. जवळची पट्टी बंद झाली की त्याला तासन् तास गाडी हाकत दुसरी गाठावी लागते. बहुतेक जण जात नाहीत. आणि जे थांबू शकत नाहीत ते रस्त्यावर जातात.

गतकाळाच्या आठवणींत रमणाऱ्यांना मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. जुने सगळेच सोने नव्हते. शर्ली मल्डाउनी न्यू यॉर्क राज्यातल्या रस्त्यांवर शर्यती लावत मोठी झाली. टॉप फ्युएल चालवण्याचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. त्यासाठी १९७३ साल उजाडावे लागले, आणि परवाना मिळाल्यावरही तिला पुरुषांच्या तुच्छतेशी झगडावे लागले. तिने १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीन विजेतेपदे मिळवली तेव्हा कुठे तोंडे बंद झाली. आज एरिका एंडर्सच्या नावावर प्रो स्टॉकची सहा विजेतेपदे आहेत, ब्रिटनी फोर्स टॉप फ्युएलमध्ये दोनदा विजेती ठरली आहे, आणि २०१२ मध्ये अँट्रॉन ब्राउन हा टॉप फ्युएलचे विजेतेपद जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय चालक झाला. त्या बाबतीत आजचा खेळ कालच्यापेक्षा निःसंशय मोठा आहे. पण मल्डाउनी वर आली कशी, हेही पाहिले पाहिजे. घड्याळाला ती बाई आहे हे कळत नव्हते, आणि घड्याळापर्यंत पोहोचण्याची वाट स्वस्त होती. आज नायट्रोच्या गाडीत बसायला घराणे लागते किंवा मोठा प्रायोजक. फोर्स, कॅलिटा, शूमाकर ही आडनावे दुसऱ्या पिढीत पुन्हा दिसतात, ती त्यांच्या गुणांमुळेही आणि या कारणामुळेही.

दुसरा आक्षेप असा की लोकांची आवडच बदलली, पट्ट्या त्यामुळे ओस पडल्या. पुरावा उलट दिसतो. २०१३ पासून ‘स्ट्रीट आउटलॉज’ हा रस्त्यावरच्या शर्यतींचा दूरचित्रवाणी कार्यक्रम अमेरिकेत वर्षानुवर्षे चालला. पट्टीवर चिकट द्रव न फवारता, घसरड्या डांबरावर लावल्या जाणाऱ्या ‘नो प्रेप’ शर्यतींना गर्दी होते, कारण तिथे कोणती गाडी सरळ जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. बेकर्सफील्डजवळच्या फमोसो पट्टीवर जुन्या धाटणीच्या गाड्यांची मार्च मीट आजही भरते. रात्री जुन्या गाड्या ओळीने उभ्या करून त्यांची इंजिने नुसती सुरू केली जातात, धुराड्यांतून ज्वाळा निघतात, नायट्रोच्या वाफेने डोळ्यांना पाणी येते आणि माणसे तिथून हलत नाहीत. लोकांना अनिश्चितता हवी आहे, जवळीक हवी आहे. विजेवर चालणारी घरगुती टेस्ला आज पाव मैल साडेनऊ सेकंदांच्या आत सहज कापते. वेग आता शोरूममध्ये विकत मिळतो. म्हणूनच, वेग विकणारा खेळ म्हणून ड्रॅग रेसिंगला यापुढे फार भवितव्य नाही. आपल्या हाताने बांधलेले यंत्र चारचौघांसमोर घड्याळाला दाखवण्याची जागा म्हणून मात्र ते आहे.

शेजाऱ्यांचा आवाजाचा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. नायट्रोच्या इंजिनाचा आवाज छातीत हादरतो, आणि पट्टीशेजारी तान्हे मूल असलेल्या घराचा हक्क शौकिनांच्या हौसेपेक्षा कमी नाही. पण बऱ्याच ठिकाणी पट्टी आधी होती, वस्ती नंतर आली. शिवाय स्थानिक पट्टीच्या बहुतेक संध्याकाळी नायट्रोच्या नसतातच. सायलेन्सर लावलेल्या साध्या गाड्यांच्या असतात. वेळ ठरवून देता येते, आवाजाची मर्यादा घालता येते. बंदी हा यातला सर्वांत आळशी उपाय आहे, आणि त्याचा खर्च शेवटी महामार्गावर चुकवावा लागतो. मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवर मध्यरात्री लागणाऱ्या दुचाकींच्या शर्यती आणि त्यांवरची पोलिसांची कारवाई आपल्या परिचयाची आहे. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या, पण त्या हौशी आणि सधन मंडळींच्या आवाक्यातल्या. कुर्ल्याच्या किंवा पिंपरीच्या गॅरेजात काम करणाऱ्या पोराला शनिवारी रात्री कायदेशीरपणे पळवायला जागा नाही. बड कून्ससारखा एखादा पोलीस अधिकारी आपल्याकडेही हवा आहे.

तेव्हा शौकिनांनी ३२० फूट परत मागणे सोडून द्यावे. ते मिळणार नाहीत आणि मिळू नयेत. संघटनेने नायट्रोचे वर्ग १००० फुटांवरच ठेवावेत, नव्या बांधणीच्या गाड्यांसाठी एखादा मोकळा वर्ग उघडावा, आणि दूरचित्रवाणीवरच्या भपक्यातला थोडा पैसा छोट्या पट्ट्यांची जमीन वाचवण्यात घालावा. पाव मैल कुठेही हरवलेला नाही. प्रो स्टॉकच्या गाड्या आजही पूर्ण १३२० फूट धावतात, आणि गावच्या पट्टीवरच्या शेकडो हौशी गाड्याही. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी माणसांची मोठी वस्ती आहे आणि एंग्लिशटाउन तिथून हाकेच्या अंतरावर होते. तिथल्या वाचकांनी आता थोडे उत्तरेला, ग्रेट मेडोजला जावे. गार्लिट्सने १९६४ च्या ऑगस्टमध्ये २०१.३४ मैलांचा वेग नोंदवला तो तिथल्या आयलंड ड्रॅगवेवर. ती पट्टी अजून सुरू आहे.